कोल्हापुरात चारचाकी घ्यावी की केएमटी-एसटीवर भागवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केएमटी म्हणजे कोल्हापूर महापालिकेची शहर बस. खालच्या हिशेबातले पेट्रोलचे, व्याजाचे आणि सर्व्हिसिंगचे आकडे धरून चाललेले आहेत. तुमचे खरे आकडे टाकून बेरीज पुन्हा करा.

कोल्हापूर एवढंसं शहर. इथे चारचाकी लागते कशाला?

गावात फिरायला म्हणाल तर जवळजवळ लागतच नाही. स्टँडपासून अंबाबाईचं देऊळ जेमतेम तीन किलोमीटर. कसबा बावड्यातून निघून रंकाळ्यावर यायचं म्हटलं तरी सात-आठ किलोमीटरच्या आत काम. एवढ्या अंतराला चारचाकी काढली की रस्त्यात वाचलेला वेळ जागा शोधण्यात जातो. महाद्वार रोडला साडी घ्यायला गाडीतून निघालेलं कुटुंब बिंदू चौकात गाडी लावतं आणि तिथून चालतच जातं.

पण आपलं निम्मं आयुष्य गावाबाहेर असतं. शेत कागलच्या बाजूला, सासर गडहिंग्लजला, नोकरी शिरोलीत, देव जोतिबावर. त्यात लग्नसराई आणि गावोगावच्या म्हाया, म्हणजे जत्रा. रात्री दहाला जेवण उरकून भुदरगडातून परत यायचं असेल तर त्या वेळी ना एसटी असते ना वडाप (माणशी भाडं घेऊन नेणारी जीप). म्हणून माझं मत सरळ आहे: कोल्हापूर शहरासाठी चारचाकी घेऊ नये, घ्यायचीच तर कोल्हापूर जिल्ह्यासाठी घ्यावी. आपल्या घरचं जाणं-येणं नेमकं कुठे होतं ते आधी बघा, पुढचे बरेच प्रश्न तिथेच सुटतात.

म्हणजे तुलना चारचाकी आणि बसची?

कागदावर तशी. प्रत्यक्षात दोघींच्या मधे दुचाकी उभी आहे. कोल्हापुरात बसचा प्रवासी चारचाकीने पळवला नाही, मोपेडने पळवला. घरात दोन दुचाक्या असतील तर चारचाकी आल्यावर त्यातली एकही विकली जात नाही, हे आजूबाजूला बघितलं की कळेल. त्यामुळे "गाडी घेतली की रिक्षाचे आणि दुचाकीच्या पेट्रोलचे पैसे वाचतील" असा हिशेब मांडू नका. चारचाकीचा खर्च आहे त्या खर्चावर चढतो.

केएमटीवर कितपत भरवसा ठेवावा?

मोठ्या रस्त्यावर आणि दिवसाउजेडी बऱ्यापैकी. शिवाजी चौक, शाहू मैदान, गंगावेश आणि स्टँड हे नाके धरून ज्या गाड्या जातात त्यांच्यासाठी फार थांबावं लागत नाही. उपनगराच्या टोकाला किंवा हद्दीबाहेरच्या गावांत गणित बदलतं. महापालिका १९७२ साली झाली, तेव्हापासून हद्दवाढीचा वाद चालू आहे. शहर मात्र वाढून पाचगाव, कळंबा, उचगाव, शिंगणापूरपर्यंत कधीच पोचलंय. केएमटी तिकडेही जाते, पण एक गाडी चुकली की पुढची कधी, हे थांब्यावर उभ्या असलेल्या आजींनाच ठाऊक. त्यांना विचारा, त्या बरोबर सांगतात.

घर भाड्याने घेताना किंवा फ्लॅट बुक करताना बिल्डर "केएमटीचा स्टॉप समोरच आहे" असं सांगेल. स्टॉप असतोच. तुम्ही कामाच्या दिवशी सकाळी नऊला आणि रात्री साडेआठला त्या स्टॉपवर स्वतः उभं राहून बघा. सकाळी गर्दीत पाय ठेवायला जागा मिळते का आणि रात्री शेवटची गाडी कितीला सुटते, या दोन गोष्टी कळल्या की पास काढावा की दुचाकी, ते ठरवता येतं.

पीएम ई-बस सेवा योजनेत कोल्हापूरचंही नाव आहे. पण पुढे येणाऱ्या बसच्या भरवशावर आज घर घेऊ नका.

चारचाकी महिन्याला खरंच किती खाते?

बहुतेक लोक हप्ता अधिक पेट्रोल एवढंच धरतात. ते चुकतं, कारण हप्त्यातलं मुद्दल म्हणजे खर्च नव्हे. तेवढी किंमत गाडीच्या रूपाने दारात उभी असते. खरा खर्च म्हणजे ती किंमत दरवर्षी घसरते तो. एक उदाहरण मांडू.

ऑन-रोड ८ लाखांची पेट्रोल गाडी. २ लाख रोख, ६ लाख कर्ज, ५ वर्षं, व्याज ९ टक्के. हप्ता साधारण १२,४५५ रुपये बसतो आणि पाच वर्षांत व्याजापोटी १ लाख ४७ हजार जातात, म्हणजे महिना २,४५०. पाच वर्षांनी विकताना ४ लाख हाती आले तर चांगलंच म्हणायचं; विमा कंपन्याही पाच वर्षांच्या गाडीची किंमत धरताना मूळ किमतीतून ५० टक्के घसारा कापतात. ८ चे ४ झाले म्हणजे महिन्याला साधारण ६,६५० रुपये नुसत्या वयाने गेले. विम्याचे सरासरी १,५०० धरा. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, कुणीतरी गल्लीत घासून गेला त्याचा डेंट, हे सगळं मिळून आणखी १,५००. पेट्रोल: महिन्याला ६०० किलोमीटर, गावातल्या ट्रॅफिकमध्ये लिटरला १५, दर १०५ रुपये, झाले ४,२००.

बेरीज १६,३००. किलोमीटरला २७ रुपये.

यात एक गोम आहे. पेट्रोल वजा केलं तर १२,१०० उरतात. म्हणजे गाडी दारात नुसती उभी असली तरी दिवसाला ४०० रुपये खाते, कव्हर घालून ठेवली तरी. गावातल्या गावात दिवसाला ४०० रुपयांची रिक्षा तुम्ही करता का? बहुतेक घरं करत नाहीत.

आता उलट बघा. तोच माणूस महिन्याला १,५०० किलोमीटर चालवत असेल, रोज जयसिंगपूर किंवा गारगोटीला जात असेल, तर किलोमीटरचा खर्च पंधरा-सोळा रुपयांवर येतो. दोघं मिळून गेली तर माणशी आठ. अशा माणसाला गाडी घेऊ नको असं मी सांगणार नाही.

ऑन-रोड किंमत शोरूमच्या किमतीपेक्षा एवढी का फुगते?

मुख्य कारण एकरकमी वाहन कर. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला तो ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. त्यावर नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. शोरूमवाले यात ॲक्सेसरीजचं पॅकेज घुसवतात, ते घेणं सक्तीचं नसतं. विमाही त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असं नाही. बाहेर दर विचारून आलात की तिथला दर उतरतो.

एसटीतली महिलांची सवलत केएमटीत चालते का?

ती सवलत एसटी महामंडळाची आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं. केएमटी महापालिकेची, तिचे पास आणि सवलती वेगळ्या. थांब्यावर कंडक्टरशी यावरून होणारी वादावादी रोजचीच आहे.

पण उपनगरातल्या बायकांनी यातून एक वाट काढलीय, ती सांगण्याजोगी आहे. ज्या रस्त्याने केएमटी आणि एसटी दोन्ही जातात तिथे त्या एसटीची वाट बघतात. गाडी त्या थांब्यावर थांबते का, एवढं फक्त आधी विचारून घ्यावं.

वडापने रोज गेलं तर चालेल का? स्वस्त पडतं.

स्वस्त पडतं, लवकर सुटतं, हात केला तिथे थांबतं. एसटी ज्या फाट्यावर तासाला एक येते तिथे वडाप दहा मिनिटांत भरतं, म्हणून ते टिकून आहे. "वडाप बंद करा" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण कधी तासभर फाट्यावर उभे राहिलेले नसतात.

धोका विम्याचा. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे खासगी गाडी. तिने भाडं घेऊन माणसं नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पिवळ्या पाटीच्या गाडीला निदान परवाना असतो. मागे फळीवर बसवत असतील, दाराला लोंबकळायला लावत असतील, तर पुढचं वडाप बघा. रोजच्या शेअर रिक्षालाही हेच लागू.

एमआयडीसीत शिफ्टला जातो. गाडी घेऊ का?

आधी कंपनीची बस तुमच्या भागातून जाते का विचारा. गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या काही कंपन्या बस देतात, पण नवीन माणसाला कुणी आपणहून सांगत नाही. जनरल शिफ्ट असेल तर बसने जमतं. दुसरी पाळी सुटून रात्री उशिरा हायवेने यायचं असेल तर मात्र बसचा नाद सोडा. तिथे प्रश्न दुचाकी की चारचाकी एवढाच उरतो, आणि पावसाळ्यात हायवेला ट्रकच्या मागून दुचाकीवर येणं मला तरी पटत नाही. त्याच पाळीतले चौघे मिळून एकाच्या गाडीने गेले आणि पेट्रोल वाटून घेतलं तर सगळ्यांनाच परवडतं. वाटणीपुरतं ठेवा, भाडं घ्यायला लागलात की तुमचंही वडाप झालं.

घरात म्हातारी माणसं आहेत. रात्री-अपरात्री दवाखान्याला गाडी नको का?

हे कारण सगळ्यात जास्त सांगितलं जातं, आणि ते खोटं नसतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला केएमटीची पायरी चढणं म्हणजे शिक्षाच. पण नीट बघितलं तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तपासणीला जायचं असतं आणि त्याला दारात येणारा ओळखीचा रिक्षावाला पुरतो. रिक्षाची बैठक कारपेक्षा उंच असते. गुडघ्याच्या माणसाला खाली वाकून कारमध्ये शिरण्यापेक्षा रिक्षात बसणं सोपं जातं. गल्लीतल्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

छातीत दुखणं, पक्षाघात असं काही असेल तर गाडी असली तरी १०८ लाच फोन करा. घाबरलेला मुलगा गाडी चालवतोय आणि मागे वडील पडलेत, यापेक्षा रस्त्यातच उपचार सुरू करणारी ॲम्ब्युलन्स बरी. अपवाद डायलिसिसचा किंवा केमोचा. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, परत येताना माणूस गळून गेलेला. तिथे गाडी घ्या, हिशेब बाजूला ठेवा.

पेठेत राहतो. गाडी लावू कुठे?

हा प्रश्न गाडी बुक करण्याच्या आधी पडला असेल तर तुम्ही शहाणे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ. घरं जुनी, बोळ अरुंद, आणि ज्याच्या दारासमोर तुम्ही लावणार तो तुमच्या आजोबांच्या वेळेपासून तिथे राहतो. गल्लीतली निम्मी भांडणं आता पार्किंगवरून होतात. भाड्याने जागा मिळते, पण ती घरापासून लांब असली तर पंधरा दिवसांनी गाडी काढायचा कंटाळा येतो, आणि गाडी तिथे ४०० रुपये रोजाने उभी राहते.

नवरात्रात देवळाभोवतालचे रस्ते वाहनांना बंद होतात, गणपतीत मिरवणुकीचा मार्ग बंद. ते दिवस तुम्ही पेठेतले आहात म्हणून पोलीस गाडी आत सोडतीलच असं नाही.

इलेक्ट्रिक गाडीचा विचार असेल तर स्वतःच्या जागेत प्लग असल्याशिवाय नको. दुसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडायची कल्पना डोक्यातून काढून टाका.

पुरात काय? गाडी असली की सुटका होते ना?

होत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पाणी त्याच्या आसपास आलं आणि रेडेडोह फुटला, म्हणजे तिथे नदी पात्र सोडून बाहेर आली, की पन्हाळ्याकडचा रस्ता गेला. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं, तेव्हा बस, ट्रक, कार सगळं एकाच रांगेत उभं होतं. अशा वेळी शहाणपण एवढंच की आदल्या दिवशी निघावं किंवा घरी बसावं.

गाडी असलेल्यांना पुरात एक जास्तीची काळजी असते ती गाडीचीच. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, जयंती नाल्याच्या काठचा भाग, इथे बेसमेंटला गाडी असेल तर इशारा पातळीलाच ती उंचावर नेऊन लावा. पाण्यात बुडून निघालेली गाडी सुरू करून बघायचा मोह आवरा. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत कंपनी म्हणते, हे नुकसान पुराने नाही, तुम्ही चावी फिरवल्याने झालं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टर हे वेगळं कलम घ्यावं लागतं. पंचगंगेकाठी राहून ते न घेणं म्हणजे पैसे वाचवणं नव्हे. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पुराचं काहीच मिळत नाही. चावीला हात न लावता फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी ओढून न्या.

दर शनिवार-रविवार पुण्याला जावं लागतं. गाडीने की एसटी-रेल्वेने?

एकटे असाल तर गाडी काढू नका. पुणे साधारण २३० किलोमीटर. जाऊन येऊन हायवेला लिटरला १८ धरले तरी पेट्रोलच पावणेतीन हजारांच्या घरात, वर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे चार टोलनाके दोन वेळा. शहराच्या आतला टोल आपण आंदोलन करून घालवला, हायवेचा काही घालवता आला नाही. फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत २०० फेऱ्या असा सुरू झाला. एक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे पुण्याला जाऊन येताना आठ गेल्या. खासगी गाडीने महिन्यातून दोनदा जात असाल तर पास घ्याच.

एसटी, ट्रॅव्हल्स, रेल्वेत कोयना, महालक्ष्मी आणि २०२४ पासून वंदे भारत असे पर्याय आहेत. वंदे भारतचे वार बघून तिकीट काढा. रेल्वे मिरजेवरून वळसा घालून जाते, पण सहापदरीच्या कामांत अडकत नाही. कुटुंब मिळून चौघं, सोबत बोचकी आणि पुण्यात तीन ठिकाणी जायचं असेल तर गाडी. इथे वाद नाही.

सीएनजी घेतली तर परवडेल?

किलोमीटर किती ते सांगा. पेट्रोलला किलोमीटरमागे ७ रुपये आणि सीएनजीला ४ धरले तर ३ वाचतात. सीएनजीच्या गाडीला ९५ हजार जास्त मोजले असतील तर ते फिटायला ३१-३२ हजार किलोमीटर पडावे लागतात. महिन्याला ६०० चालवणाऱ्याला चार वर्षांच्या वर. तोवर पंपावर रांग लावा आणि डिकीत बॅग मावत नाही म्हणून पाहुण्यांच्या मांडीवर द्या. रोज इचलकरंजी-कोल्हापूर करणाऱ्याला मात्र ती फायद्याची.

सेकंडहँड बघतोय. काय तपासू?

पहिल्या मालकाने सगळ्यात मोठा घसारा सोसलेला असतो, म्हणून कल्पना चांगली आहे. आपल्या भागात मात्र पहिली तपासणी पुराची. पुढचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट रेघ असेल तर गाडी पाण्यात होती. स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात हात फिरवा. डॅशबोर्डच्या खाली बॅटरी मारून स्क्रू बघा, गंज तिथे लपत नाही. एजंट वरून पॉलिश करतो, स्टेपनीखाली सहसा कुणी हात घालत नाही.

कागदांत नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. दुसऱ्या आरटीओकडची गाडी असेल तर तिथल्या ना-हरकतीचा फॉर्म २८. एमएच ०९ पाटी बघून निर्धास्त होऊ नका, पुरात बुडालेल्या बऱ्याच गाड्यांची पाटी तीच होती.

मुलगा अकरावीला गेलाय. क्लासला जायला गाडी मागतोय.

नाही. १८ पूर्ण झाल्याशिवाय चारचाकीचा परवाना नाही आणि मोठ्या दुचाकीचाही नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सायकल आहे, केएमटीचा पास आहे. तालुक्यावरून येत असेल तर एसटीचा विद्यार्थी पास आहे, त्यात साधारण एक तृतीयांशच भाडं पडतं.

गाडी नसेल तर पाव्हणे काय म्हणतील?

म्हणतील. हप्ता ते भरणार नाहीत.

वर्षातून चार-पाच लग्नं आणि एक कोकणची सहल. एवढ्यासाठी काय करावं?

ड्रायव्हरसह भाड्याची गाडी. पिवळ्या पाटीची घ्या. भाडं ठरवताना किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल कुणाचा, हे चारही आधी बोलून घ्या. बहुतेक कुरबुरी किमान किलोमीटरवरून होतात. गगनबावड्याचा घाट पावसाळ्यात रात्री ओळखीच्या ड्रायव्हरनेच उतरलेला बरा.

गाडी आहे पण फारशी वापरत नाही. विकली तर काय काय करायचं?

व्यवहाराच्या दिवशी फॉर्म २९ वर सह्या, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती. गाडी नावावरून उतरेपर्यंत चलन तुमच्याच मोबाइलवर येत राहतं, म्हणून आरटीओत नाव बदललंय का ते महिन्याभरात तपासा. फास्टॅग बंद करून घ्या, नाहीतर त्याचा टोल तुमच्या खात्यातून. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची विम्यातली सूट) गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा. ते तीन वर्षं चालतं, पुढे पुन्हा गाडी घेतली तर विम्यात कामाला येतं.